दादा, तिला या लाईनला घालायचं का?

लंडन

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू आणि वहिनी एकदमच बोलत होता, त्यामुळे मला निम्मंच कळलं. पण मुद्दा पोचला. लेकीला बारावीनंतर इंजिनिअरिंग नको, आत्यासारखं सिनेमाला आणि व्हिडिओ गेमला संगीत द्यायचंय, आणि तुला एवढंच विचारायचंय की यात पोट भरतं का. भरतं. पण नुसतं 'भरतं' म्हटलेलं बँकेतल्या माणसाला पटायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे सिनेमाचं संगीत म्हटलं की गाणी. मी गाणी करतच नाही. सिनेमा जवळजवळ कापून झाला की दिग्दर्शक, संकलक आणि संगीतकार तो एकत्र बसून बघतात आणि संगीत कुठे सुरू होणार, कुठे थांबणार ते ठरवतात. याला इथे स्पॉटिंग म्हणतात. सगळ्यात जास्त वाद कुठे संगीत नको यावर होतो. तोवर संकलकाने दुसऱ्याच कुठल्यातरी सिनेमाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवलेलं असतं आणि ते ऐकून ऐकून दिग्दर्शकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग तो म्हणतो, "अगदी असंच हवं, पण वेगळं." यातून वाट काढता आली तर तुमची लेक या धंद्यात टिकली म्हणून समज. सूर तिला आहेच.

पुढे कॉम्प्युटरवर अख्खा वाद्यवृंद खोटाखोटा वाजवून मंजुरी घ्यायची. मग ती सुरावट ऑर्केस्ट्रेटरकडे जाते, म्हणजे कुठलं वाद्य काय वाजवणार ते मांडणाऱ्याकडे; त्याच्याकडून नकलून काढणाऱ्या कॉपिस्टकडे, आणि प्रत्येक वादकाचा कागद वेगळा निघतो. रेकॉर्डिंगचं सत्र साधारण तीन तासांचं. इथल्या ॲबी रोड स्टुडिओच्या ज्या मोठ्या हॉलचं उद्घाटन 1931 मध्ये एल्गार या इंग्रज संगीतकाराने वाद्यवृंद चालवून केलं, तिथे आजही हे काम चालतं. वादक आपला कागद त्याच सकाळी पहिल्यांदा बघतात, कानात लय दाखवणारा क्लिक वाजत असतो, आणि पहिल्याच खेपेला ऐंशी माणसं बरोबर वाजवतात. घरात गुरूसमोर बसून महिनोन्‌महिने एकच बंदिश घोटलेल्या माझ्यासारखीला हा प्रकार आधी जादू वाटला, मग थोडा निष्ठुर वाटला. आता सवय झाली. पैसे कमी असले की हेच काम बुडापेस्टला किंवा प्रागला जातं आणि आपण इथे बसून हेडफोनवरून सूचना देतो.

गेमचं मात्र निराळंच, आणि माझा जीव तिथेच रमलाय. सिनेमात मारामारी किती सेकंदांची ते आधी माहीत असतं. गेममध्ये खेळणारा पोरगा दारासमोर येऊन जेवायला निघून गेला तर? संगीताने करायचं काय? 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चारच खालचे सूर होते, शत्रू जवळ आले की त्यांची लय वाढायची. बस्स, तेवढ्यावर लोकांचे तळहात घामेजायचे. 1991 च्या सुमारास अमेरिकेतल्या लुकासआर्ट्स कंपनीतल्या मायकल लँड आणि पीटर मॅकॉनल यांनी आयम्यूज नावाची यंत्रणा केली. खेळणारा एका जागेहून दुसरीकडे गेला की चालू चाल न तोडता दुसऱ्या चालीत शिरायची सोय तिच्यात होती. आज तेच काम वाइज आणि एफमॉड या सॉफ्टवेअरवर होतं. मी एकच चाल थरांमध्ये लिहिते. खाली नुसता आधाराचा सूर, त्यावर तंतुवाद्यं, त्यावर ताल. धोका वाढला की थर चढतात, टळला की उतरतात. एका चालीतून दुसरीत कुठल्या मात्रेवर उडी मारलेली चालेल हेही मलाच खुणा करून द्यावं लागतं.

तुला पटकन कळावं म्हणून सांगते: संगीत नाटकातला ऑर्गनवाला आठव. नट गद्य कधी संपवणार, 'वन्स मोअर' कधी येणार, काही ठाऊक नाही; तरी सूर धरून बसायचा आणि इशारा मिळाला की नेमक्या जागी पकडायचं. माझं काम तेच, फक्त तो ऑर्गनवाला मला आधीच लिहून ठेवावा लागतो.

गेल्या वर्षी एका गेमसाठी आपल्या मिरजेचा तंबोरा वापरला. तुकडा कापून गोल फिरवला, म्हणजे संपला की परत पहिल्यापासून वाजवला, की कान लगेच पकडतो, कारण दर आवर्तनात जवारी, म्हणजे घोडीवर तारेचा उठणारा झणकार, थोडी वेगळी बोलते आणि तेच वेगळेपण पुन्हा पुन्हा आलं की मशीन वाटायला लागतं. म्हणून प्रत्येक तार वेगळी रेकॉर्ड केली आणि प्रत्येकीचा तुकडा वेगळ्या लांबीचा ठेवला. चारी एकत्र सुरू झाल्या तरी परत एकाच ठिकाणी भेटायला फार वेळ लागतो, आणि तंबोरा जिवंत राहतो. हे जमलं त्या दिवशी मी स्वतःला बाहेर जेवायला नेलं. (त्याच गेमच्या निर्मात्यांनी आधी मला "भारत दिसला की सतार" असं सांगितलं होतं. वाळवंट दिसलं की यांना डुडुक हे आर्मेनियाचं फुंकवाद्य लागतं, भारत दिसला की सतार. यावर रागावत बसलं तर दिवस जातो.)

आता पैसे. गेममध्ये बहुतेकदा तयार संगीताच्या मिनिटाला दर ठरतो आणि हक्क कंपनीचे. गेमच्या कोटी प्रती खपल्या तरी खेळताना वाजलेल्या संगीताचं मला पुढे काही येत नाही. म्हणून करार करतानाच दर नीट मागायचा असतो, आणि आपल्या घरात वाढलेल्या मुलींना ते लवकर जमत नाही. टीव्ही आणि सिनेमाचं वेगळं. कुठला तुकडा किती सेकंद वाजला याचा तक्ता, म्हणजे क्यू शीट, संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या इथल्या पीआरएस या संस्थेकडे जातो आणि मानधन सावकाश, कित्येक महिन्यांनी येतं. इथली थिएटरं संगीतकाराला पैसे देतात. अमेरिकेतली देत नाहीत, 1948 च्या एका कोर्टाच्या निकालापासून. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराला थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीवरचा हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. आयपीआरएस या आपल्याकडच्या तशाच संस्थेचं सभासदत्व तिने पहिल्या कामाबरोबरच घ्यावं.

सुरुवात सगळ्यांची मदतनीस म्हणून. मोठ्या संगीतकाराच्या फायली लावायच्या, रात्री दोनला दृश्य बदललं की संगीत पुन्हा जुळवायचं, कधी त्याच्या नावाखाली चार तुकडे स्वतः लिहायचे आणि श्रेयनामावलीत 'अतिरिक्त संगीत' एवढं मिळालं तरी खूश व्हायचं. मी हे केलंय, फार वाईट नव्हतं. पण असली बारीकसारीक कामं आता मशीनकडे जायला लागलीत आणि शिकाऊंची पहिली पायरीच झिजतेय. हे तिच्यापासून लपवू नका.

म्हणूनच तिला लगेच इकडे पाठवायला माझा विरोध आहे. इथल्या फिल्म स्कूलची फी बघून तुला चक्कर येईल, आणि परदेशी विद्यार्थ्याला ती आणखी जास्त. काम कुठे बसून होतं याला आता फारसा अर्थ नाही. 'राजी' हा गेम पुण्यातल्या मुलांनी केला, 2020 मध्ये आला, आणि त्याला संगीत दिलं ग्रीसच्या लिनोस त्झेलोसने. उलट अजय-अतुलनी 'सैराट'साठी हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. तिने पुण्यात राहावं, फिल्म इन्स्टिट्यूटच्या पोरांच्या लघुपटांना फुकट संगीत द्यावं, दर जानेवारीत ग्लोबल गेम जॅम होतो त्यात बसावं. तिथे अवघ्या काही दिवसांत गेम करायचा असतो. तिथे भेटलेली मंडळीच पुढे काम देतात.

महागडा कॉम्प्युटर घेऊ नकोस. बरे हेडफोन आणि छोटा कीबोर्ड पुरे. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरता येतं, पुढचा साधा परवाना 60 डॉलरचा. कुठलंही दोन मिनिटांचं दृश्य आवाज बंद करून तिने तीन वेगळ्या मनःस्थितीत बांधावं आणि मला पाठवावं. चौथं पूर्ण शांत ठेवावं आणि का ते लिहावं. गाण्याचा क्लास सोडू देऊ नकोस. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, मात्र आत्ताच शिकव, नंतर जड जातं.

एक काम तुझ्याकडे. सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन मर्दानी तंबोऱ्याचा भाव विचार, आणि विमानाने पाठवायचा तर भोपळ्याला पेटी कशी करतात तेही. माझ्याकडचा जनानी आहे, खालचा सूर पुरत नाही. पैसे लगेच पाठवते. वहिनीला नमस्कार, लेकीला आशीर्वाद, आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी धाकटी