काटा तपासा, दार लावू नका

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

१ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचं उरलेलं २० टक्के निर्यातशुल्क सरकारनं काढलं, त्याबद्दल आभार. पण ते रातोरात पुन्हा लावायचा अधिकार सरकारच्या हातात आणि निर्यातच बंद करायचा तुमच्या खात्याच्या हातात तसाच आहे, म्हणून हे पत्र.

८ डिसेंबर २०२३. माझा लाल कांदा पात खांडून ट्रॉलीत भरलेला. बाजार समितीच्या आवारात शिरलो आणि मोबाइलवर बातमी आली, निर्यातबंदी. लिलाव बंद पडले. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत चार-पाच महिने धरला असता. लाल कांद्याला धीर नसतो, बघता बघता कोंब फुटतात, तळाला पाणी सुटतं. म्हणजे न विकण्याची मोकळीकही मला नव्हती. त्याआधी ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर निर्यातभावाची अट, मग थेट बंदी. ४ मे २०२४ ला ती उठली, तीही किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्काची वेसण घालून. पावसाच्या तोंडावर उळं (रोपांसाठी कांद्याचं बी) टाकलं तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

आमच्यात काही जण म्हणतात, सरकारनं शेतीतून अंगच काढून घ्यावं. मला नाही पटत. एकदा बांधावरच माल दिला. व्यापाऱ्याचा चेक वटला नाही. मोकळ्या बाजारात मोकळा तोच सुटला. समितीच्या आवारात उघडा लिलाव असतो, काटा तपासता येतो, हमाली-तोलाई हिशोबपट्टीवर लिहिलेली असते. (सगळं सुरळीत चालतं असं नाही, पण तक्रार कुठे करायची ते तरी ठाऊक असतं.) तिथे भाव पटला नाही तर मी ट्रॉली माघारी वळवू शकतो. असे नियम आणखी कडक करा, माझी ना नाही.

शहरात कांदा परवडला पाहिजे हेही कळतं. माझी बहीण डोंबिवलीत राहते. भाव चढला की पहिला फोन मलाच. तिला स्वस्त द्यायचाय ना? मग सरकारसाठी कांदा घेणाऱ्या नाफेडला आमच्यासमोर लिलावात उतरवा, चालू भावानं घ्या, तोटा तिजोरीनं सोसावा. आजवर तो माझ्या ट्रॉलीतून वसूल झाला.

मागणी एवढीच: निर्यातीची अट घालायची तर उळं टाकायच्या आधी सांगा, आणि काढलेल्या मालाला ती लावू नका.

बियाणं आणून ठेवलंय. वाफसा आला की टाकतोय.

आपला,
निफाड तालुक्यातला एक कांदा उत्पादक