गोळ्यांची पट्टी पाठवणार नाही

नागपूर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आईने सांगितला. समीर येत्या रविवारी पुण्याला येऊन राहिला, त्याच्याजवळ बाबांच्या झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी द्या म्हणे. पट्टी मिळणार नाही. रागावायचं तर रागाव, पण कारण वाच.

माझी गोळी झोल्पिडेमची, 5 मिलिग्रॅम. रामदासपेठेतला मेडिकलवाला ती देताना शेड्यूल एच-1 च्या, म्हणजे जपून विकायच्या औषधांच्या, रजिस्टरात माझं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या, सगळं लिहून घेतो. ते रजिस्टर त्याला 3 वर्षं सांभाळावं लागतं. तापाच्या गोळीसाठी कोणी एवढा उपद्व्याप करत नाही.

आणि तुला म्हणे 10 ची चालेल! अगं, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्येच बायकांसाठीचा डोस 10 वरून 5 वर आणायला लावला. बायकांच्या अंगातून ती सावकाश उतरते. सकाळी आपल्याला वाटतं जाग आली, पण डोकं गाडी चालवण्याजोगं झालेलं नसतं. तू तर हिंजवडीपर्यंत स्कूटी हाणतेस. 2019 मध्ये त्यांनी ठळक चौकटीत इशाराही छापायला लावला: क्वचित कोणी गोळी घेऊन झोपेतच चालतं, गॅस पेटवतं, गाडी काढतं, आणि सकाळी काहीच आठवत नाही. त्यात तू एकटी राहतेस.

माझी गोळीही डॉक्टर आता कमी करत आणून राहिले. पासष्टीनंतर या गोळ्या शक्यतो नकोच, असं ते म्हणाले. रात्री बाथरूमला उठलं, तोल गेला, की खुबाच मोडायचा. एकदम बंद केली तर असेल ती झोपही उडते, म्हणून हळूहळू. सोबत सीबीटी-आय चालू आहे, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलायचा, बिनगोळीचा उपचार. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने, कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, 2016 मध्ये सांगितलं, आधी हे, गोळीचं नंतर. पलंग फक्त झोपायला. झोप येत नसेल तर उठून हॉलमध्ये बसायचं. सकाळी ठरल्या वेळी उठायचंच, रात्र कशीही गेली असो. आणि दुपारची झोप बंद! नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर 45 अंश, पोटात वरणभात, समोर कूलर, आणि मी खुर्चीत ताठ बसून पेपर वाचतो. सुरुवातीला हाल झाले. रात्री आई ओरडायची, ‘काहून भुतासारखे फिरून राहिले?’ आता बरं आहे.

तुझा अमेरिकेचा कॉल रात्री अकराला, त्याआधी मोठा मग भरून कॉफी. पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. ते आधी बंद कर आणि तिथल्या डॉक्टरांना दाखव. थायरॉईड, लोह तपासतील. घोरतेस तेही सांग, लाजू नको, आईला माहीत आहे.

मी गोळीच्या विरोधात नाही. त्यांनी तुझ्या नावाने, तुझ्या डोसची लिहून दिली तर घे. जेवल्याबरोबर नको, पलंगावर गेल्यावरच, आणि पुढे सात-आठ तास मोकळे असतील तरच. ज्या रात्री बीअर झाली असेल त्या रात्री अजिबात नाही. (मला सगळं कळतं.)

समीरजवळ संत्रा बर्फी देतो आहे. डॉक्टरांची वेळ मिळाली की कळव.

तुझे,
बाबा