ताई, उसवून दिलंत त्याबद्दल थँक्यू

ताई, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवता पण मोबाइलवरचं बारीक अक्षर बघितलं की फोन लांब सारता, त्यामुळे नातीला सांगा वाचून दाखवायला, आणि मधेच शिलाई मशीन सुरू करू नका, पूर्ण ऐका. तोंडावर बोलायला गेले की तुम्ही "असू द्या हो" म्हणून विषय कापता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय माझ्या वयाच्या चार-पाच जणी विचारतायत की तू अचानक एवढी निवांत कशी दिसायला लागलीस, पार्लर बदललंस का. त्यांनाही कळू दे.

एप्रिलात भाच्याच्या मुंजीला तीन आठवडे असताना मी पैठणी बाहेर काढली, ब्लाउज घालून बघितला आणि अडकले. म्हणजे खरंच अडकले, उजवा हात बाहीत गेला तो कोपराच्या वर सरकेना आणि काढायला जावं तर निघेना, सहापैकी दोन हुक लागले, घामाच्या धारा, आणि बाहेरून नवरा विचारतोय चहा टाकू का. मुलीला आत बोलावून तिच्याकडून ओढून काढून घेतला तो ब्लाउज. ती हसली नाही हे जास्त लागलं.

त्याच्या आधीचं दीड वर्ष असंच चाललं होतं. रात्री तीनला टक्क जाग, सकाळी ७:५० च्या लोकलला ठाण्यापर्यंत बरी असायची मी, मग एकदम कानाच्या पाळ्यांपासून गरम व्हायला लागायचं, जानेवारीत सुद्धा, बायका शाल गुंडाळून बसलेल्या आणि मी रुमालाने मान पुसतेय. पाळी दोन महिने गायब, मग एकदम पूर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या पेरिमेनोपॉज, म्हणजे पाळी जायच्या आधीचा काळ, आपल्याकडे पाळी जायचं वय सरासरी ४६-४७ च्या आसपास, परदेशी बायकांचं ५१ च्या, तू ४८ ची आहेस, म्हणजे वेळेवरच चाललंय सगळं. सलग बारा महिने आली नाही की मग गेली म्हणायचं. इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी मांड्या-कमरेवरून पोटाकडे सरकते हेही त्यांनीच सांगितलं, आणि टेप काढून कंबर मोजली, आपल्या बायकांनी ८० सेंटीमीटरच्या आत ठेवावी म्हणतात, माझी ९१. ती टेप बघून मला शाळेत नापास झाल्यासारखं वाटलं. त्यांचं चुकलं नाही काही, त्यांना शुगर-बीपीची काळजी, आणि चालणं, वजनं उचलणं वगैरे त्यांनी सांगितलेलं मी आता करते पण. पण त्या दिवशी घरी येताना डोक्यात फक्त ९१ हा आकडा.

आणि मग काय केलं, खरेदी केली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला अर्धवट सांगितलंय, आता पूर्ण सांगते. रात्री तीनला जाग आली की फोन हातात, सेल तर कायमच चालू असतो कुठे ना कुठे. कुर्ता मागवायचा, एकाचा एल काखेत रुततो, दुसऱ्याचा एल म्हणजे तंबू, तिसऱ्याचा डबल एक्सएल बसतो पण तो अंकच बघवत नाही म्हणून परत, आणि परत करायची तारीख उलटून गेली की कपाटाच्या खालच्या खणात. एक जीन्स घेतली मुद्दाम लहान, "बारीक झाले की घालीन" म्हणून. एक पोट दाबणारी चड्डी घेतली १,८९९ ची, शेपवेअर म्हणतात त्याला, ती घालून ऑफिसच्या कार्यक्रमाला गेले आणि ठाण्याच्या जिन्यावर तिची वरून गुंडाळी होत होत कमरेशी दोरखंड झाला, एका हाताने पर्स, एका हाताने तो दोरखंड. हसू नका. बरं, हसा.

तर पैठणीचा ब्लाउज पिशवीत घालून मी तुमच्याकडे आले ते नवीन शिवायला टाकायचा म्हणून. आमच्या सोसायटीतल्या वहिनींनी पत्ता दिलेला, मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या शेजारी, बाहेर बोर्ड पण नाही. तुम्ही खाली मान घालून टीप मारत होतात. मी मापाचा ब्लाउज पुढे केला आणि म्हटलं, याच्यावरून घ्या, फक्त एक इंच सैल. तुम्ही तो हातात घेतलात, उलटा करून शिवण बघितलीत, कापड चोळून बघितलंत आणि विचारलंत, "हा कोणाचा?"

माझाच, म्हटलं.

"कधीचा?"

२०११ चा होता ताई. नणंदेच्या लग्नातला. बारा-तेरा वर्षं मी प्रत्येक शिंप्याला तोच ब्लाउज माप म्हणून देत होते आणि प्रत्येक जण इमानेइतबारे त्याच्यात इंच वाढवून शिवत होता आणि प्रत्येक ब्लाउज कुठे ना कुठे काचत होता, आणि मला वाटायचं माझंच शरीर बिघडलंय.

तुम्ही म्हणालात याच्यावरून नाही घेणार, तुमचं अंगावरून घेते. मी टेप बघितली आणि सवयीने पोट आत ओढलं. "श्वास सोडा आधी. असा धरून ठेवलात तर मुंजीत पण दिवसभर तसंच उभं राहावं लागेल." मी सोडला. मग तुम्ही टेप फिरवलीत आणि एकेक आकडा वहीत लिहिलात, खडूच्या तुकड्याने पाठीवर खूण केलीत, आणि तोंडाने एक शब्द नाही. "वाढलंय हो" नाही, "थायरॉइड आहे का" नाही, "अजून छान दिसता" पण नाही. त्या "नाही" बद्दल मला सगळ्यात जास्त थँक्यू म्हणायचंय. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला नुसतं मोजलं.

मग समजावून सांगितलंत, आणि हे मला ना डॉक्टरने सांगितलं ना मैत्रिणीने. छाती तीनच इंच वाढलीय, पण नुसतं छातीत वाढवून भागत नाही, कारण पाठ रुंद झालीय, दंड भरलाय, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा भाग, खाली आलाय, आणि खांदे कॉम्प्युटरवर बसून पुढे वळलेत त्यामुळे मागची उंची जास्त लागते आणि पुढची कमी. म्हणून पुढचा गळा पोकळ राहायचा आणि मागून ब्लाउज वर चढायचा. टक्स, म्हणजे छातीशी घेतलेल्या चुण्या, त्या सुद्धा जुन्या जागी चालत नाहीत, इंचभर खाली घ्याव्या लागतात, वयाप्रमाणे. हे तुम्ही इतक्या सरळ आवाजात बोललात की भाजीवाली जसं सांगते, आता पावसाची मेथी आहे, मुळं जास्त निघतील.

मी म्हटलं मग नवीनच शिवा, चार-पाच टाकते एकदम. दुसरी कोणी असती तर लगेच पावती फाडली असती. तुम्ही म्हणालात, "कपाटातलं आधी आणा सगळं. मग बघू नवीन लागतंय का."

शनिवारी मी सतरा ब्लाउज आणि नऊ कुर्ते घेऊन आले, रिक्षावाल्याला वाटलं घर बदलतेय. तुम्ही खाली सतरंजीवर बसून एकेक उलटा करत गेलात आणि शिवणीतून बोट फिरवत गेलात. "याला माया आहे. याला आहे. याला काहीच ठेवली नाही मेल्याने." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड हे माझ्या मुलीला माहीतच नव्हतं, ती म्हणाली, व्हॉट, माया? तिच्या सगळ्या रेडीमेड कपड्यांत शिवणीला जेमतेम बोटाच्या पेराएवढं पण कापड नसतं, कुठून माहिती असणार. माझी आई मात्र शिंप्याच्या दारातून निघता निघता मागे वळून ओरडायची, माया ठेवा हो भरपूर, पोरगी वाढती आहे. ४८ व्या वर्षी पण वाढतीच आहे पोरगी.

पैठणीच्या ब्लाउजला माया होती. तुम्ही ब्लेडने टीप उसवलीत, टर्र टर्र आवाज करत, आणि मला हिशोब सांगितलात, पाऊण इंच सोडायचं, पुढचे-पाठचे धरून दोन्ही बाजूंच्या चार कडा, झाले तीन इंच. जुन्या टाक्यांची रेघ दिसत होती आणि आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद, मी म्हटलं हे दिसेल. "काखेत? काखेत कोण बघणार आहे तुमच्या?" दंडाला मात्र कापड पुरेना, तेव्हा तुम्ही साडीचं आतलं टोक मागितलंत, जे कमरेत खोचलं जातं ते, त्याची तीन बोटांची पट्टी काढून बाहीत अशी कळी टाकलीत की नणंदेनेच विचारलं, नवीन शिवलास का गं.

बाकीच्यात चार असे होते ज्यांचं काहीच होण्यासारखं नव्हतं. त्यातल्या दोनांची तुम्ही बाही आणि काठ काढून ठेवलेत आणि नातीच्या परकर-पोलक्याला लावलेत, त्याचा फोटो बघितला मी. ती छोटी जीन्स तुम्ही हातात धरून नुसती माझ्याकडे बघितलीत. तिच्या आता दोन पिशव्या झाल्यात, एकीतून रोज डबा नेते.

हुक लावता लावता तुम्ही तुमच्या जावेचं सांगितलंत, बीडकडची, ऊसतोडीला जायची, तेहतिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढून टाकली तिची, पाळी आली की खाडा आणि खाड्याचा दंड म्हणून. २०१९ साली त्या बायकांचं पेपरात आलं होतं, कमिटी वगैरे बसली होती, मी वाचलेलं आणि पान उलटलेलं. तुम्ही म्हणालात, "तिला पस्तिशीत गरम व्हायला लागलं अंगात, कोयता हातात घेऊन, आणि तिला कोणी सांगितलं पण नाही हे कशानं होतंय ते." मग दोरा दाताने तोडलात आणि पुढचा ब्लाउज घेतलात. मी काही बोलू शकले नाही तेव्हा. आताही नीट बोलता येत नाहीये.

आता पैशांचं. त्या रात्री मी कार्डाची सगळी बिलं काढून बसले आणि वर्षभरातल्या माझ्या कपड्यांची बेरीज मारली, २३,४०० रुपये. त्यातले अंगावर वापरात असलेले कपडे साडेचार हजाराचे, बाकी सगळं खालच्या खणात. तुमचं, जीन्स धरून, तेवीस कपड्यांचं बिल झालं २,१४० रुपये, आणि ताई, त्यात मी तुम्हाला म्हणाले, चाळीस रुपये सोडा, एकवीसशे करा. गुंडाळी होणाऱ्या चड्डीचे १,८९९ मी एका बोटाने दिले होते, तिथे कोणाला म्हटलं नाही नव्व्याण्णव सोडा. आणि तुम्ही सोडलेत पण. हे मला अजून टोचतं.

आता मी कमी घेते असं नाही, ते मोठं संत झाल्यासारखं वाटेल. परवाच तुळशीबागेत गेले होते आणि दोन ओढण्या उगाच घेतल्या. पण तीनला जाग आली की फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो, आणि काही घ्यायचंच झालं तर आधी आतली शिवण उलटून बघते, दुकानदार वैतागतो. अस्तर मऊ सुती घेते आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे रात्रभर पाण्यात भिजवून मगच शिवायला आणते, ते सॅटिनचं अस्तर अंगाला चिकटून जो त्रास व्हायचा लोकलमध्ये तो निम्मा तिथेच कमी झाला. सलवारला इलॅस्टिकऐवजी नाडी. हसतात ऑफिसातल्या मुली, पण महिन्यातून आठ दिवस माझं पोट वेगळं असतं आणि बाकीचे दिवस वेगळं, नाडीला चालतं ते, इलॅस्टिकला नाही.

मुलगी सांगत होती, निफ्टवाल्यांनी, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने, आपल्या लोकांच्या साइजचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून प्रोजेक्ट काढला, सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, कारण इतकी वर्षं आपण अमेरिका-इंग्लंडची मापं इकडेतिकडे करून वापरतोय. चांगलंच आहे की. मी तिला म्हटलं, त्या स्कॅनरला विचार, माणसाने पोट आत ओढलं तर कळतं का तुला.

मापाचा ब्लाउज आता नवा आहे, त्याच्या आत तुम्ही कापडी पट्टीवर बॉलपेनने तारीख लिहून दिलीत, आणि दर दिवाळीला परत मोजायचं असं बजावलंत. वर जाईल, खाली येईल, कोण जाणे.

तर, ती निळी इरकल अजून तुमच्याकडे आहे, हुक राहिलेत. शनिवारी लोकलमधून उतरून थेट येते. ते चाळीस रुपये आणते, मुकाट्याने घ्या. आणि सोबत माझ्या सासूबाई येतील, वय ७६, त्यांचं म्हणणं त्यांचे सगळे ब्लाउज ढगळ झालेत आणि आता या वयात कशाला खर्च करायचा. त्यांना तुम्हीच काय ते सांगा.

तुमची,
सतरा ब्लाउजवाली