गुन्हा चौघांचा, मथळा अख्ख्या पिढीवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरात हाणामारी झाली किंवा नशेच्या गोळ्या सापडल्या, की दुसऱ्या दिवशी बातमीत 'तरुणाई' आरोपी ठरते. पन्नाशीतला अधिकारी लाच घेताना पकडला जातो, तेव्हा मात्र 'प्रौढांना झालंय तरी काय?' असे कुणी छापत नाही. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडी या अमली पदार्थाचा कारखाना उघड झाला. तो काही कॉलेजातली पोरे चालवत नव्हती. तरीही नंतरची चर्चा पोरे कशी बिघडली, याचीच जास्त.

मी सिडकोतील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझे कितीतरी माजी विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करतात. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर १६०० मीटरचा सराव, मग अंबड-सातपूरच्या कारखान्यात पाळी, संध्याकाळी अभ्यासिका. त्यांतलाच एक मुलगा रात्री अभ्यासिकेतून उठून टपरीवर चहाला थांबला होता. 'टवाळखोरांना दणका' या बातमीत तो उठाबशा काढताना छापला गेला. त्याच्यावर कसलाही गुन्हा दाखल झाला नाही, पण ते कुठेच छापून आले नाही. त्याच्या आईने गल्लीतल्या भिशीला जाणे सोडले. भरतीत चारित्र्य पडताळणी असते, आता हा फोटो आड येईल का, असे तो मला विचारत होता. काय सांगणार?

अल्पवयीनांच्या बाबतीत तर कायदाच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. तरी चेहरा धूसर करून खाली सोसायटीचे नाव आणि वडिलांचा व्यवसाय दिला जातो. मग ओळखायचे राहिले कोण?

चांगल्या बातम्या येत नाहीत असे नाही. बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये २०२४ साली सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात आपला विदित गुजराथी होता, त्याचे कौतुक झाले आणि व्हायलाच हवे. पण सुवर्णपदक आणि कोयता यांच्या मधली हजारो मुले पेपरात दिसतच नाहीत. भरती लांबली, फी वाढली, तरी प्रतिक्रिया पुढाऱ्यांची.

गुन्हे झाकून ठेवा, असे माझे म्हणणे अजिबात नाही. फोटो छापण्याआधी गुन्हा दाखल झाला आहे का, एवढे पोलिसांना विचारावे. आणि मुलगा निर्दोष निघाला तर तेही त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, सिडको, नाशिक