भिंतीवरील साइडिंगबाबत तक्रार : दोष हवामानाचा नाही, बसवणुकीचा आहे

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फायबर सिमेंट साइडिंगच्या सदोष बसवणुकीमुळे भिंत कुजल्याबाबत आणि हमीचा दावा नाकारल्याबाबत

महोदय,

आपल्या विभागाचे उत्तर मिळाले. चार ओळींच्या त्या पत्रात आमचा दावा नाकारण्याचे एकच कारण आहे : समुद्रकिनाऱ्याच्या हवामानामुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही. पत्र हातात धरून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण ही साइडिंग, म्हणजे भिंतीवर बाहेरून ठोकायच्या फळ्यांचे आवरण, आम्ही घेतली तीच मुळी या हवामानासाठी. घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे, वर्षातले कित्येक महिने पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि पाऊस नसतो तेव्हाही हवा खारी, दमट असते, हे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते. भिंतींची मापे घ्यायला आलेल्या आपल्या प्रतिनिधीने फॉर्मवर ‘समुद्राजवळ’ या चौकटीत स्वतःच्या हाताने खूण केली आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे.

निर्णय आम्ही घाईत घेतला नव्हता. देवदाराच्या फळ्या मला मनापासून आवडल्या होत्या, पण लाकडाला दर काही वर्षांनी रंग-तेलाचा हात द्यावा लागतो, आणि फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी ओढले गेले की कुजणे तिथूनच सुरू होते. व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकची साइडिंग, कुजत नाही, मात्र वादळी वाऱ्यात त्याच्या पट्ट्या सुटण्याची धास्ती होती. ॲल्युमिनियमवर खाऱ्या हवेने बारीक खड्डे पडतात. सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या लगद्यापासून बनलेल्या आपल्या बोर्डाला वाळवी लागत नाही, तो पेटत नाही आणि लाकडासारखा कुजत नाही. कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर तोही पाणी पितो, हे मी वाचले होते आणि प्रतिनिधीला तसे विचारलेही होते. ‘ते आमच्या माणसांना माहीत असते,’ असे उत्तर मिळाले. त्या उत्तरावर विश्वास ठेवून आम्ही सही केली.

पहिल्या पावसाळ्यानंतर खिळ्यांच्या डोक्याखाली तांबूस ओघळ दिसू लागले. दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीलगतच्या फळ्यांची खालची कड फुगली आणि तिचे पापुद्रे सुटायला लागले. खिडक्यांच्या कोपऱ्यांशी रंगाला फोड आले. पश्चिमेच्या खोलीत आई झोपतात. कपाटामागून कुबट वास येतो, असे त्या कितीतरी दिवस सांगत होत्या आणि आम्ही कपाट पुसून, खिडक्या उघडून वेळ काढत होतो. भिंत आतून ओली असेल हे कुणाच्या मनातही आले नाही. त्यांच्या बोलण्याकडे वेळेवर लक्ष दिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

आम्ही तक्रार केल्यावर आपली माणसे दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा त्यांच्या हातात फक्त सिलंटची नळी होती. खिडक्यांच्या वरची फट, फळ्यांच्या खालच्या कडा, जिथे म्हणून फट दिसली तिथे त्यांनी ती बुजवली. त्यानंतर वास वाढला. का वाढला ते भिंत उघडल्यावर कळले. जे थोडेफार पाणी खालून निथळून जात होते, त्याचीही वाट या सिलंटने बंद केली होती.

अखेर आम्ही एका अनुभवी सुताराला बोलावले आणि पश्चिमेच्या भिंतीच्या सहा फळ्या काळजीपूर्वक काढल्या. प्रत्येक टप्प्याचे फोटो आहेत. आत जे दिसले ते मी सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्या पत्रातला ‘हवामान’ हा शब्द नेमका इथेच खोटा ठरतो.

फळ्या प्लायवूडवर अंथरलेल्या रॅपवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पातळ आवरणावर, थेट ठोकल्या होत्या. मागे रीप नाही, एक मिलिमीटरची मोकळी जागा नाही. वाऱ्याच्या रेट्याने आलेले पाणी सांध्यातून आत शिरणारच. कोणतीही साइडिंग शंभर टक्के पाणी अडवत नाही, आणि आपली साइडिंग ते अडवेल अशी माझीही अपेक्षा नव्हती. पण शिरलेले पाणी दोन चिकटलेल्या पृष्ठभागांमध्ये पातळ थरासारखे धरून राहते. खाली ओघळत नाही, वारा लागत नाही म्हणून वाळतही नाही. वर ऊन पडले की तीच ओल वाफ होऊन आतल्या बाजूला ढकलली जाते. मागे उभ्या रिपा मारून जागा सोडली असती, तर पाणी खाली निथळले असते आणि वरखाली खेळणाऱ्या हवेने उरलेली ओल सुकली असती.

खिडकीवर रॅपची वरची पट्टी खालच्या पट्टीच्या मागे खोचलेली होती. कौले शाकारणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही की वरचे कौल खालच्यावर यायला हवे. इथे उलटे केल्यामुळे रॅपवरून उतरणारा पाण्याचा प्रत्येक थेंब सरळ प्लायवूडकडे गेला. खिडकीच्या डोक्यावर पाणी बाहेर टाकणारा पत्राच नव्हता. छपराची कड जिथे भिंतीला मिळते तिथे पाणी पन्हळीत वळवणारा वाकवलेला पत्राही नव्हता, म्हणून तेवढ्या भागाचे सगळे पाणी फळ्यांच्या मागे उतरत होते. सर्वांत जास्त कुजलेला भाग याच जागेच्या खाली सापडला. तिथले प्लायवूड बोटाने खरवडले तर चुरा हातात येतो. सुताराने ओलावा मोजला. लाकडात २० टक्क्यांपर्यंत ओलावा ठीक मानतात. आमच्या प्लायवूडमध्ये मीटर ३० च्या वर गेला. कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला याहून अधिक काही लागत नाही.

आता खिळ्यांबद्दल. यावर आपल्या तंत्रज्ञाने मला सांगितले की पावसाच्या माऱ्याने गंज चढतो, त्याला इलाज नाही. मी त्यांना भिंतीजवळ नेऊन दाखवले की सर्वाधिक गंज वळचणीखाली आहे, जिथे पाऊस पोहोचतच नाही. उघड्या भिंतीवर बसलेले मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीखाली ते साचत राहते. मीठ हवेतला दमटपणाही शोषून घेते आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी होते, म्हणजे पावसाचा थेंब न पडताही खिळा ओला राहतो. काढलेले खिळे आमच्याकडे आहेत. त्यांच्यावर जस्ताचा विजेने चढवलेला पातळ, चकचकीत मुलामा आहे, जो काही मायक्रॉनचाच असतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या खिळ्यांवर याच्या कितीतरी पट जाड थर असतो, आणि समुद्राच्या इतक्या जवळ तर ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरणे योग्य. त्यातल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे ते मिठाला ३०४ प्रतीच्या नेहमीच्या स्टेनलेसपेक्षा चांगले तोंड देते. शिवाय आपल्या माणसांनी कित्येक खिळे फळीच्या आत घुसेपर्यंत ठोकले आहेत. प्रत्येक खळग्यात रंगाचा थर तुटला आणि उघडा बोर्ड पाणी प्यायला लागला.

जमिनीशी काय केले आहे तेही पाहा. सर्वांत खालची फळी फरशीला टेकलेली आहे. कापलेल्या टोकांना कुठेही रंग किंवा सीलर लावलेला नाही. बोर्डाच्या गठ्ठ्याबरोबर आलेले आपले स्वतःचे सूचनापत्रक मी जपून ठेवले होते. त्यात मातीपासून १५० मिलिमीटर आणि फरशीपासून ५० मिलिमीटर अंतर ठेवा, आडव्या पत्र्याच्या वर ६ मिलिमीटर मोकळे सोडा आणि ती फट सिलंटने भरू नका, कापलेली प्रत्येक कड सील करा, खिळ्याचे डोके फळीच्या पृष्ठभागाशी सपाट ठेवा, असे चित्रांसह छापले आहे. आपल्या माणसांनी आमच्या घरी या पत्रकातली एकही सूचना पाळली नाही. भरू नका असे जिथे लिहिले आहे तिथे तर नंतर येऊन मुद्दाम सिलंट भरले. हमीपत्रात ‘सूचनेनुसार बसवलेल्या मालाला’ असे शब्द आहेत. सूचना मोडल्या त्या आपण पाठवलेल्या पथकाने. त्याचा भुर्दंड माझ्यावर कसा पडतो, हे मला लेखी कळवावे.

साइडिंगमागे पाणी निथळायला जागा हवी, हे ज्ञान कुणापासून लपलेलेही नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या हजारो सदनिकांच्या भिंती अशाच आतून कुजल्या. लोकांचे हाल इतके झाले की १९९८ मध्ये त्या प्रांताचे माजी प्रीमियर (मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. न्यूझीलंडमध्ये गळक्या घरांचे प्रकरण एवढे वाढले की २००२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आज कॅनडाच्या बांधकाम संहितेत ओल्या किनारपट्टीसाठी साइडिंगमागे किमान १० मिलिमीटरची पोकळी सांगितली आहे आणि न्यूझीलंडमध्ये साधारण २० मिलिमीटरची पोकळी रूढ आहे. साइडिंग विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसावे, असे मी मानत नाही.

आणखी एक पुरावा आमच्या अंगणातच उभा आहे. आपल्याच गठ्ठ्यातून उरलेल्या फळ्या याच सुताराने मागच्या शेडला लावल्या होत्या. शेड घराच्याही पुढे, समुद्राच्या बाजूला आहे. वारा आणि खारे तुषार आधी तिच्यावर येतात. त्याने रिपा मारल्या, खाली किडे शिरू नयेत म्हणून जाळी लावली, प्रत्येक कापलेल्या टोकाला रंगाचे दोन हात दिले, स्टेनलेसचे स्क्रू वापरले आणि खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच ठेवली. एवढ्या कामासाठी त्याला एक दिवस जास्त लागला. तीच फळी, तेच दोन पावसाळे, तीच हवा. त्या भिंतीवर गंजाचा एक ठिपका नाही. म्हणून मी पुन्हा सांगते, आपला बोर्ड वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. चांगला माल आपल्याच माणसांनी वाया घालवला, याचा मला राग आहे.

आमची मागणी अशी आहे. पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींची साइडिंग आपल्या खर्चाने पूर्ण उतरवावी आणि उरलेल्या दोन भिंतींच्या खिडक्या व खालची रांग उघडून तपासावी. कुजलेले प्लायवूड, आणि सांगाड्याचे लाकूड खराब झाले असेल तर तेही बदलावे. ओलावा २० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत भिंत झाकू नये. घाईने झाकलेली ओल पुन्हा त्याच जागी कुजेल. रॅप वरून खाली योग्य क्रमाने लावावा, खिडक्यांवर आणि छपराच्या कडेला पत्रे बसवावेत, रिपांवर नवी साइडिंग ३१६ स्टेनलेसच्या खिळ्यांनी किंवा स्क्रूंनी लावावी. बाकी सगळे आपल्या सूचनापत्रकाप्रमाणे, त्याहून अधिक काही मी मागत नाही. फळ्या चढण्यापूर्वी रॅप आणि पत्र्यांची पाहणी आम्ही निवडलेल्या तज्ज्ञाकडून होईल आणि त्याने होकार दिल्याशिवाय पुढचे काम सुरू होणार नाही. आईंना त्या खोलीतून हलवावे लागले आहे. खोलीची आतली भिंत साफ करून पुन्हा रंगवण्याचा खर्चही आपण द्यावा. सुताराच्या तपासणीची पावती जोडली आहे.

सिलंट घेऊन येणारे पथक कृपया पाठवू नये. त्यांना आम्ही भिंतीला हात लावू देणार नाही.

१५ दिवसांत आपल्या तांत्रिक विभागातील जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः येऊन उघडलेली भिंत पाहावी आणि दुरुस्तीची तारीख लेखी द्यावी. तसे न झाल्यास सर्व कागदपत्रे घेऊन मी ग्राहक म्हणून कायदेशीर दाद मागेन. काढलेल्या सहा फळ्या, खिळे आणि कुजलेल्या प्लायवूडचा तुकडा मी तारखेची चिठ्ठी लावून पिशव्यांत बंद करून ठेवला आहे. अधिकाऱ्यांना ते इथे पाहता येतील, पण सोबत नेता येणार नाहीत. भिंतीवर सध्या ताडपत्री बांधली आहे. ती वाऱ्याने दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा रात्री उठून आम्ही ती पुन्हा बांधली. पुढचा पाऊस सुरू होण्याआधी ही भिंत दुरुस्त व्हायला हवी.

आपली विश्वासू,
(ग्राहकाची सही)

सोबत : मापाच्या फॉर्मची प्रत, हमीपत्र, आपले सूचनापत्रक, भिंत उघडतानाचे फोटो, ओलाव्याची नोंद, तपासणीची पावती