जो येत नाही, त्याच्याकडे आधी

प्रिय समीर,

तीव्र मानसिक आजार असलेल्यांच्या घरी जाऊन काम करणाऱ्या पथकात तू रुजू होतो आहेस आणि पहिल्या महिन्यात काय करू, असं विचारतोस. फार काही करूच नकोस; ठरल्या वेळी जात राहा, एवढंच.

बाह्यरुग्ण विभागात दोन-तीनदा न आलेल्याचं नाव हळूहळू मागे पडतं. आपला हिशेब उलटा: जो येत नाही, त्याच्याकडे आधी जायचं. तो आळशी असतो म्हणून येत नाही, असं नसतं. कोणीतरी पाळतीवर आहे असं वाटत असताना बसमध्ये चढणं सोपं नाही. शिवाय आपल्याला आजार आहे हेच काहींना पटत नाही, आणि ते न पटणं हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅडिसनमध्ये लेनर्ड स्टाइन आणि मेरी ॲन टेस्ट यांनी वॉर्डातलं काम रुग्णाच्या घरी, रस्त्यावर, कामाच्या जागी नेलं. वॉर्डात शिकवलेलं बाहेर टिकत नव्हतं, म्हणून. त्या पद्धतीत साधारण दहा रुग्णांमागे एक कर्मचारी धरतात. तुझ्या एकट्याच्या गळ्यात चाळीस नावं पडली तर ती नुसती हजेरी होईल. वरिष्ठांशी भांडायचं असेल तर याच आकड्यावरून भांड.

पहिल्या भेटीला आधी कळवून जा. अचानक दारात उभा राहिलास तर आधीचाच संशय पक्का होईल. शेजाऱ्यांनी विचारलं तर कामाचं स्वरूप सांगू नकोस. आत त्याचाही आणि तुझाही दाराकडचा रस्ता मोकळा राहील असा बस. वीस मिनिटं पुरेत. औषधाचा विषय त्या दिवशी नकोच. अडलेला अर्ज, थकलेलं बिल, गळका नळ असं त्याला छळणारं एखादं काम विचारून घे आणि पुढच्या भेटीपर्यंत मार्गी लाव. आवाज ऐकू येतात म्हणाला तर वाद घालू नकोस आणि होकारही भरू नकोस. ‘मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय’, एवढं खरं आहे. मरणाचे विचार येतात का, हे मात्र सरळ शब्दांत विचार. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत.

गोळ्या चुकत असतील तर उरलेल्या मोजण्याआधी कारण शोध. गुंगी, वाढलेलं वजन, लैंगिक तक्रारी. ही शेवटची कोणी आपणहून सांगत नाही. एक सापळा नीट ओळख: काही औषधांनी आतून अशी बेचैनी होते की माणूस एका जागी बसू शकत नाही. घरच्यांना वाटतं आजार उफाळला, डॉक्टर डोस वाढवतात आणि येरझाऱ्या आणखी वाढतात. बेचैनी डोस बदलल्यानंतर सुरू झाली का, एवढी तारीख तू नोंदवून दिलीस तरी पुष्कळ.

क्लोझापिन (इतर औषधं लागू न पडलेल्या स्किझोफ्रेनियावरचं औषध) घेणाऱ्यांची यादी वेगळी ठेव. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस परस्पर सुरू करायचा नाही. शरीराची सवय मोडलेली असते, रक्तदाब कोसळू शकतो, डॉक्टर १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत नेतात. ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी. शौचाला होतं का, हे दर भेटीला विचार. लाजलास तर महागात पडेल, कारण या औषधाची बद्धकोष्ठता आतडं बंद पाडून जीवही घेते. आणि कोणी सिगारेट अचानक सोडली तर अभिनंदन कर, पण डॉक्टरांनाही कळव: धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवत असतं, धूर थांबला की रक्तातली पातळी चढते.

लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले किंवा त्याने अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेतलं, तर रक्तातली लिथियमची पातळी विषारी होऊ शकते. हात जोरात थरथरणं, चाल लडखडणं, बोलणं जड होणं दिसलं की वाट बघत थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना गाठ. पातळीसाठीचं रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी.

डिस्चार्जनंतरचे पहिले काही दिवस आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे. म्हणून ओळख वॉर्डातच करून घे आणि घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत गाठ. बरोबर दिलेल्या गोळ्या कोणत्या तारखेला संपतात ते बघ; ती सुट्टीच्या दिवशी आली तर घोटाळा ठरलेला.

माणूस बरा असताना त्याच्याचबरोबर बसून धोक्याच्या खुणा लिहून काढ. बहुतेकांची आधी झोप उडते, पण पुढचं ज्याचं त्याचं वेगळं: कोणी फोन बंद ठेवतो, कोणी रात्रभर आवराआवर करतो. घरच्यांना सांग की दिवसभर पडून राहणं हे आजाराचं लक्षण असू शकतं. टोमण्यांनी ते हटत नाही, उलट सततच्या टीकेने आजार पुन्हा उचल खातो.

वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर यांची नोंद विसरू नकोस. या आजारांत आयुष्य १० ते २० वर्षांनी कमी होतं आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो.

आणि रजेवर जाण्याआधी तुझ्या जागी येणाऱ्याला प्रत्येक घरी स्वतः बरोबर घेऊन जा. नुसतं नाव-पत्ता देऊन पाठवलंस तर दार उघडणार नाही.

तुझी,
मेधा