पायवाटांना पेव्हर ब्लॉक नकोत, खुणा हव्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात बंद असलेली पेंचच्या गाभा क्षेत्रातली सफारी १ ऑक्टोबरला उघडते आणि नागपुरात दरवर्षीची चौकशी सुरू होते. सिल्लारीचे बुकिंग मिळाले का, खुर्सापारला सध्या कोणती वाघीण दिसते, जिप्सीत एखादी जागा आहे का. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाघ पाहायला माणसे येतात म्हणून तिथल्या गावांतल्या गाईडची आणि जिप्सीचालकाची चूल पेटते. पण रामटेक, पारशिवनी, देवलापार या साऱ्या डोंगराळ पट्ट्यात पायी फिरायचे झाले तर कुठून निघावे आणि कुठे पोहोचावे, हे सांगणारा एक साधा फलक सापडत नाही. वाटा मात्र गावोगावी आहेत. गुराख्यांच्या आहेत, तेंदूपाने तोडणाऱ्यांच्या आहेत, देवाला जाणाऱ्यांच्या आहेत. पर्यटनाच्या आराखड्यात त्या कुणाच्या खिजगणतीत नाहीत, म्हणून हे पत्र.

नागपूरकराला चालायचा कंटाळा आहे, हे मला मान्य नाही. नागपंचमीच्या आधी पचमढीच्या डोंगरात जाऊन बघा. अंगावर पाऊस घेत, चिखल तुडवत नागद्वारला निघालेल्या गर्दीत निम्मी बोली आपल्या वऱ्हाड-नागपूरकडची ऐकू येते, आणि वाटेवर भंडारे लावणारी मंडळेही आपलीच असतात. महाशिवरात्रीला हीच माणसे खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. कॉलेजची पोरे विदर्भ एक्सप्रेसने रात्र काढून नाशिक रोडला उतरतात आणि कळसूबाई, हरिश्चंद्रगड करून येतात. घरापासून तास-दीड तासावरचा सातपुडा मात्र त्यांनी गाडीच्या सीटवरून पाहिलेला असतो.

रामटेकचेच घ्या. बहुतेक जण गाडी थेट वरच्या पार्किंगपर्यंत नेतात, दर्शन घेतात, माकडांपासून प्रसाद वाचवतात आणि खाली येऊन खिंडसीला बोटिंग करून परततात. अंबाळ्याच्या काठावरून गडावर जाणारी जुनी पायऱ्यांची वाट त्यांना ठाऊकच नसते. खाली पाण्याभोवती लहान-मोठी देवळे, दिवाळीच्या सुमारास शिंगाडे काढायला पाण्यात उतरलेले ढिवर बांधव, आणि वर चढत जावे तशी उलगडत जाणारी टेकडीची वाकण. मनसरची हिडिंबा टेकडी, रामटेकचा गड आणि नगरधनचा किल्ला ही तिन्ही ठिकाणे वाकाटकांच्या इतिहासाशी जोडलेली आहेत. नगरधन म्हणजेच त्यांची राजधानी नंदिवर्धन. शेतांच्या कडेने, पांदणीने ही तिन्ही ठिकाणे दोन दिवसांत निवांत पायी करता येतात. असा वारसा पायाखाली असताना आपण तो महामार्गावरून ओलांडतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आणि तलाव! पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाने पाणी ओळखून, उतार ओळखून बांधलेले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची मालकी, गेली, तलाव सरकारचे झाले आणि सरकारी कागदात त्यांचे ‘मामा तलाव’ झाले. अशा प्रत्येक तलावाला पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, असते, आणि पाळीसारखी चालायला सोपी, कोरडी, सावलीची वाट दुसरी नाही. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. थंडीत पट्टकदंब उतरतात ते यातल्याच काही तलावांवर. आज कित्येक पाळींवर बेशरमाची झुडपे माजली आहेत, माणूस पलीकडे जाऊ शकत नाही. पाळ मोकळी ठेवली तर ती फुटायच्या आत गळती दिसते, हा फायदा तर शेतकऱ्याचाच आहे.

या वाटांवर हक्क कुणाचा, असा प्रश्न लगेच येतो. तलाठ्याकडचा गावनकाशा उघडून पाहावा. पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. आपला भाग जुन्या मध्य प्रांतातला, त्यामुळे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या नोंदीही आपल्याकडे आहेत. गावाने कुठून गुरे न्यायची, कुठून सरपण आणायचे, कोणत्या वाटेने जायचे, हे त्यांत लिहिलेले असते. २००६च्या वनहक्क कायद्याने निस्ताराचे सामूहिक हक्क मान्य केले. म्हणजे नवे काही मागायचे नाही. कागदावर आहे ते जमिनीवर पुन्हा दिसले पाहिजे, एवढेच.

माझी खरी भीती वेगळी आहे. वाटांकडे लक्ष गेलेच तर ते कंत्राट घेऊन येईल. एका तलावाकाठच्या टेकडीवर काय झाले ते मी पाहिले आहे. गुराखी आणि देवाला जाणाऱ्या बायका वापरत त्या वाटेवर पेव्हर ब्लॉक बसले, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आले, सोलर दिवे आले, वर सेल्फी पॉइंट झाला. आधी पावसाचे पाणी वाटेवरून आडवे निघून जायचे, ते ब्लॉकखाली शिरू लागले. एका पावसाळ्यात खालचा मुरूम वाहून गेला, ब्लॉक तिरके झाले, त्यांवर शेवाळ धरले. कठड्यांमुळे गुरांना बाजूला सरता येईना. आता कठड्याच्या पलीकडून, ब्लॉकच्या शेजारूनच, गावकऱ्यांनी नवी पायवाट पाडली आहे. जिथे बायाबापड्या अनवाणी चढत होत्या तिथे आज चपला घालूनही पाय घसरतो.

दिव्यांचे तर मला कळतच नाही. २०२४ मध्ये पेंचला देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले गेले. काळोख जपल्याचा मान मिळवलेल्या जिल्ह्यात टेकडीच्या वाटेवर दिवे कशाला?

पायवाटेला लागते ते फार थोडे. पावसाळ्यात तरोटा कमरेएवढा वाढतो, रायमुनिया दोन्हीकडून वाटेवर वाकते. दसऱ्याच्या सुमारास कोयता-कुऱ्हाड घेतलेली गावातली चार माणसे रोजंदारीवर लावली की वाट मोकळी होते. उतारावर जागोजागी दगड तिरपे रोवले की पाणी बाजूला निघते आणि माती टिकते. वाट फुटते तिथल्या दगडावर रंगाचा बाण काढायचा, पुढच्या गावाचे नाव लिहायचे आणि किती किलोमीटर तेही. सह्याद्रीत ट्रेकर मंडळींनी कातळावर असे बाण काढून ठेवले आहेत, अनोळखी माणूसही त्यांवरून गड गाठतो. आपल्याकडे सागाचे जंगल सगळीकडे सारखेच दिसते, म्हणून खुणांची गरज उलट जास्त.

आता वाघ. गाभा क्षेत्रात पायी जाण्याचा प्रश्नच नाही, कायदा परवानगीशिवाय तिथे शिरू देत नाही आणि ते योग्यच आहे. ज्या वाटेवर वाघीण पिल्ले घेऊन फिरते आहे ती वाट त्या हंगामात बंद ठेवावी, आणि हे ठरवायचा अधिकार वनरक्षकाचा असावा. गाभ्याभोवतीच्या बफर पट्ट्यात आणि लागून असलेल्या जंगलात गावचा वाटाड्या सोबत असल्याशिवाय कुणी जाऊ नये. उन्हे वर आल्यावर निघावे, उतरायच्या आत परतावे, गटाने राहावे. अंगाला अत्तर फासून आग्या मोहोळाच्या झाडाखालून जाऊ नये, हेही सांगावे लागेल. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरला जातो, तेव्हा आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढलेल्या असतात आणि एका विडीने डोंगर पेटतो. त्या दिवसापासून जंगलातल्या वाटा बंद. पुढे मोहफुलांचे दिवस येतात. पहाटे झाडाखाली वाकून फुले वेचणाऱ्या बाईवर वाघाने किंवा अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या आपणच छापता. जंगलातल्या वाटांना दिवाळीनंतरचे तीनेक महिनेच मिळतील. मला ते पुरेसे वाटतात. तलावांच्या पाळी आणि रामटेकचा परिसर त्याआधीही मोकळा राहू शकतो.

जंगलाचा धोका रोज अंगावर घेणाऱ्या या माणसांइतके ते जंगल कुणाला कळते? वाटाड्या म्हणून पहिला हक्क त्यांचाच. बाहेरच्या ट्रेकिंग कंपनीने गट आणायचे आणि गावाने पाणी तेवढे पाजायचे, असे होऊ नये. वाटेचे शुल्क ग्रामसभेच्या खात्यात जावे आणि दसऱ्याच्या साफसफाईची मजुरी त्यातूनच निघावी. नागपूरच्या नळाला नवेगाव खैरीचे पाणी येते. त्याच जलाशयाकडे कुवारा भिवसेन या देवस्थानाला गोंड भाविक चैत्रात जातात. आपण ज्यांच्या उशाचे पाणी पितो, त्यांच्या गावातून एकदा तरी पायी जावे, एवढे नाते आपल्यात असायला हवे.

तलाठ्याकडचा गावनकाशा, बीटचा वनरक्षक आणि गावातला एक जुना गुराखी यांना एका जागी बसवले तर गावाच्या सगळ्या वाटा एका दुपारी कागदावर येतील. जिल्हा प्रशासन आणि वनविभागाने रामटेक तालुक्यातल्या चार-पाच गावांपासून दिवाळीआधी सुरुवात करावी. त्या गावांच्या ग्रामसभांनी होकार दिला, तर आपण त्या वाटांचे नकाशे रविवारच्या पुरवणीत छापावेत, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक
महाल, नागपूर